ही भांडत न्हाई

माझ्याशी रोज भांडणारं माणूस गेलं.

माझ्या सासूबाई. आमच्या परभणी जिल्ह्यात, बोरीकडे, सासूला आत्याबाई म्हणतात. काल त्यांची तेरवी झाली.

आमचं भांडण लग्नाच्या आठवड्यातच सुरू झालं होतं. मी औरंगाबादची, नन्सच्या शाळेत शिकलेली. ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती. आत्याबाईंनी माझी पहिली भाकरी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "शैले, भाकर हाय का गोवरी?"

"गोवरी असती तर चुलीत घातली असती. खाताय कशाला?"

गल्लीत सासूला असं कुणी बोलत नव्हतं. त्यांनी मात्र ती भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

मग रोजच जुंपायची. आमच्या घराचा तो रेडिओच होता म्हणा ना.

मुलगा बालवाडीत जायला लागला, त्या वर्षी मी भांडायची थांबले.

कारण काहीच नव्हतं. हे आजही लोकांना पटत नाही. मिस्टरांची शाळेतली नोकरी, गुटगुटीत पोर, "काय कमी आहे तुला?" कमी काहीच नव्हतं. फक्त आतून सगळं पुसून टाकल्यासारखं झालं होतं. उठायचं, कामं उरकायची, कुणी काही म्हणालं की "बरं" म्हणायचं.

आणि माझं कौतुक सुरू झालं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून आता कशी वळणावर आली!"

माहेरी आई म्हणाली, "रमली गं बाई एकदाची."

मिस्टर संध्याकाळी निवांत पेपर वाचायला लागले. घरात शांतता होती ना.

एका दुपारी आत्याबाईंनी भाकरी ताटात आपटली. "गोवरी! बापानं काही शिकवलं न्हाई का तुला?"

माझ्या वडिलांचं नाव काढलं की मी पेटायचे. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

मी म्हणाले, "बरं. उद्या पातळ करते."

त्यांनी ताट बाजूला सारलं. माझं तोंड नीट निरखलं. मग मिस्टरांना म्हणाल्या, "हिला काहीतरी व्हायलंय. ही भांडत न्हाई."

"मग चांगलंच आहे की, आई!"

"चांगलं? पालमचा तुझा मामा असाच गप झाला होता. कुणाला उलट शब्द न्हाई. आमी सगळे देवमाणूस, देवमाणूस म्हणत बसलो. तो गेला तवा डोळे उघडले आमचे."

मामांबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे.

काकूंनी अंगारा आणून दिला. आत्याबाईंनी तो देवापुढे ठेवला, हात जोडले. "हा इथं राहू द्या. आमी परभणीला जाऊन येतो."

एसटीत कंडक्टर ओळखीचा निघाला. "सूनबाईला काय झालं, आज्जी?"

"भांडत न्हाई."

अख्खी गाडी हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या बायकूला होऊ द्या की हा आजार!"

आत्याबाई वळल्या. "होऊ नये म्हण, बाबा."

डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? पुन्हा तेच. "भांडत न्हाई ही."

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "कधीपासून, ताई?"

आणि मी रडायला लागले. कितीतरी महिन्यांनी.

पुढे गोळ्या, बोलणं, दर महिन्याची एसटी. एकदम काही झालं नाही. पण एक दिवस त्या आमटीला नाव ठेवत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग उद्यापासून तुम्हीच करा!"

आत्याबाई तशाच ओट्यावर धावल्या. "अहो काकू, ऐकलं का? उलटून बोलली! उलटून बोलली!"

त्या दिवशी गल्लीत पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

वर्षं सरली, पोराचं लग्न झालं, घरात सून आली. आत्याबाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. आवाज पार खोल गेलेला. म्हणाल्या, "मी गेल्यावर तरी पातळ थापशील का?"

मला उत्तर सुचलं नाही. सकाळी त्या नव्हत्या.

तेव्हापासून मी फार शांत आहे. रडले नाही. आल्यागेल्याचं सगळं केलं. बायका म्हणाल्या, "किती धीराची हो सून!" मिस्टरांनाही बरं वाटलं.

मला नाही वाटलं. हे कौतुक माझ्या ओळखीचं आहे.

हे त्यांच्या जाण्याचं दुःख आहे की ते जुनं परत आलंय, मला कळत नाही. खरंच कळत नाही. आणि आमच्या घरात आता सगळे एकमेकांशी इतकं छान, इतकं जपून बोलतात, की कुणाच्या लक्षात कसं यावं?

आज सकाळी माझी सून, मानसी, समोर येऊन बसली. पुण्याची, अतिशय गोड मुलगी. चेहरा लाल. म्हणाली, "आई, तुमची भाकरी ना... म्हणजे वाईट नाही, पण... गोवरीसारखी आहे."

मी मान वर केली.

"आजींनी सांगितलं होतं मला. म्हणाल्या, मी गेल्यावर शैलीशी कुणीतरी भांडत जा. ती उलटून बोलली नाही तर थांबू नका."

मी तोंड उघडलं. खूप शोधलं.

"मला उत्तर सुचत नाहीये, मानसी."

तिने माझा हात धरला. "मग उद्या परभणीला जाऊ. मी येते बरोबर."

उद्या जातोय. हे इथे लिहितेय, कारण तुमच्याही घरात कुणीतरी अचानक फार गुणी झालं असेल. कौतुक नंतर करा. आधी जवळ बसून विचारा.

आत्याबाई, तुमच्या शेवटच्या टोमण्याला मी उत्तर दिलेलं नाही.

बरी होते. मग देते.

निघा आता, या.

तुमची शैली