फटफटीला पाणी

सणाला सगळे आपापल्या गावी गेले आणि पुण्यातल्या खोलीत मी एकटाच उरलो. माझं परभणी लांब, सुट्टी एका दिवसाची. माझा चेहरा बघून घरमालक दामूअण्णांनी आपली फटफटी पुढं केली.

"जा, वेल्ह्याचे डोंगर बघून ये. पण ओरखडा दिसला, तर परभणीला चालत जायचं."

सातवीत शाळा सोडून आलेल्या मला अण्णांनी खोली दिली, कारखान्यात चिकटवलं. त्यांची ही गाडी. ते स्वतः ती मंडईपलीकडं नेत नसत. अशा भाजी आणायच्या गाडीवर मी देवाचं नाव घेत डोंगर चढायला निघालो.

सातारा रस्त्याला लागलो आणि काय सांगू, छाती फुगली. रोज सायकलवर कडेकडेनं जाणारा मी आज रस्त्याच्या मधून चाललो होतो. त्या ऐटीत नसरापूरचा फाटा मागं पडला आणि थेट किकवी आली. चहावाल्याला वेल्हं विचारलं.

"सायेब, वेल्हं मागं ऱ्हायलं. तुमी लई जोरात आला."

रस्ता चुकल्याचं दुःख झालं नाही. मला साहेब म्हणणारा तो पहिलाच माणूस.

वेल्ह्याच्या पुढं रस्ता म्हणजे नुसते दगड. आपल्याकडं जमीन ताटासारखी पसरलेली, इथं ती उभीच केलेली. तोरणा ढगात, खाली खाचरांत (भाताच्या बांध घातलेल्या तुकड्यांत) हिरवागार भात. गाडी दगडांवरून उडायची, मी गाडीवरून. जरा खट्ट वाजलं की थांबायचं, वाकायचं, ओरखडा शोधायचा. एकदा इतका वाकलो की मीच चिखलात गेलो. गाडी मात्र सुखरूप उभी.

पुढं पासली गावात माझा तो अवतार बघून सखाराम आबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला हाताला धरून घरात नेलं. पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण (रस्सा). खेकडा कुठून फोडायचा हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही. आबांच्या कारभारणीनं तो फोडून दिला, वर आईसारखं दटावलंही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळं, असं मी सांगितलं.

तेवढ्यात आबा बाहेर जाऊन आले. तोंडावर समाधान.

"बसा निवांत. तिलाबी पाजलं."

"कुणाला?"

"फटफटीला. लई तापली व्हती. येल्ह्यात एष्टी आली की डायवर आदी तिच्या तोंडात बादली वततो. ही लहान हाय, म्या तांब्यावर भागवलं."

मी धावलो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं. किक मारली, गाडीनं दोन ठसके दिले आणि मान टाकली. मला परभणीचा लांबलचक रस्ता दिसू लागला. पण आबा इतक्या काळजीनं बघत होते की खरं सांगवेना.

"दमलीय," मी म्हणालो.

"व्हय. चडाची सवय न्हाई तिला."

मग आबांनी बैलगाडी जुंपली. ओरखडा नको म्हणून खाली पेंढा, आणि फटफटी डुलू नये म्हणून तिच्यावर मी. अशी आमची स्वारी हँडल धरून वेल्ह्यात शिरली. पारावरच्या एकानं विचारलं, ही पेट्रोल खाते का कडबा. आबांनी शांतपणे सांगितलं, पाहुणी आहे, नावं ठेवू नका. पुढं पुण्याला जाणारा ट्रक त्यांनीच थांबवला आणि मला गाडीसकट त्यात चढवलं.

संध्याकाळी अण्णांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ओरखडा नव्हता. मग किक मारली, गाडीनं नुसता ठसका दिला. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. अण्णा पायरीवर बसले. 

"पाणी गाळून घातलं होतं ना?"

एवढं म्हणून ते असे हसत सुटले की घरमालकीण काकू हातातलं पीठ घेऊन बाहेर आल्या.

आम्ही दोघांनी टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं, तेव्हा कुठं गाडी सुरू झाली. पुढच्या सुट्टीला अण्णा स्वतः मागं बसून पासलीला येणार आहेत. टाकीला कुलूप लावू का, विचारलं, तर अण्णा नको म्हणाले: मंडईतून ही रोज तापून घरी येते, पण तिला तहान लागली असेल हे आजवर आपल्याही मनात आलं नव्हतं.