आबांचं वेगळं खातं

मी जन्माची भित्री. चाळीसगावला माहेरी असताना दाराला कडी लागली की नाही हे पाहायला मी अंथरुणातून पुन्हा पुन्हा उठायची, आणि आई अहिराणीत करवादायची, "चोर येवाना पहिले तूच आमले मारशी." अशा बाईला देवानं धंदा द्यावा तर कोणता? शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करण्याचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. लग्न होऊन मी धुळ्याला आले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर घेऊन बसले होते. सुरुवातीला लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं, सोसायटीचे अहवाल असलं काम यायचं. शाळांचं काम आलं ते सासऱ्यांमुळे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा निवृत्त मुख्याध्यापक, तालुक्यातल्या निम्म्या शाळांतले मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले. सहामाहीचे पेपर सगळ्या शाळांचे मिळून एकच काढायचे ठरले, तेव्हा आबांनी भर सभेत सांगितलं, "कागद माझ्या सुनेच्या हातातून बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द." घरी येऊन त्यांनी ते मला सांगितलं आणि मला घाम फुटला. माझ्या नावावर काही बिनसलं असतं तर मी निस्तरलं असतं. आता आबांचा शब्द माझ्या टेबलावर येऊन बसला होता.

पेपर फुटला की काय होतं ते मला ठाऊक होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका टायपिंगवाल्याकडून एकदा फुटला होता. त्यानं फोडला की त्याच्याकडून चोरला गेला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढलं नाही आणि जमत आलेली मुलीची सोयरीक मोडली. म्हणून मी चुकलेला प्रत्येक कागद अंघोळीच्या बंबात घालायची आणि तो पुरता जळेपर्यंत तिथेच उभी राहायची. माझे मिस्टर नरडाण्याच्या एका कारखान्यात होते. पाळी संपवून आले की मला बंबापाशी पाहून म्हणायचे, "तू बँकेत लाग. कुलूप न लावता तिजोरीवर तुलाच बसवतील."

सासूबाई गेल्यावर आबांचं घरात चित्त लागेना. बुद्धिबळाचा त्यांना भारी नाद, पण त्यांच्या जोडीचा म्हातारा मुलाकडे सुरतेला निघून गेला होता. आबा एकटेच पट मांडायचे, पांढऱ्याची खेळी करायचे, पट फिरवायचे आणि काळ्याची करायचे. ते बघवत नसे. धुळ्यात इंटरनेट नुकतंच आलं होतं, आणि त्यावर दूरदेशीच्या माणसाशी बुद्धिबळ खेळता येतं असं मिस्टरांनी कारखान्यात ऐकलं. त्यांनी तो खेळ आणून बसवला. पटाशेजारी एक चौकट होती, तिच्यात समोरच्याशी लिहून बोलताही यायचं. आबांचं इंग्रजी फर्डं. पंधरवड्यात त्यांच्या तोंडावर तजेला आला आणि माझी झोप उडाली.

कारण मशीन एकच होतं. त्याच मशीनमध्ये सहामाहीचे पेपर, आणि त्याच मशीनमधून आबांची खिडकी साऱ्या जगाकडे उघडी. त्या वेळची सिस्टीम म्हणजे कुडाचं घर. जो आत आला त्याला सगळंच उघडं. म्हणून मी हट्टानं नवी सिस्टीम घालून घेतली. तिच्यात प्रत्येकाचं खातं वेगळं आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मालकाच्या खात्याला सगळं दिसतं. बाकीच्यांना मालक दाखवील तेवढंच. मी मालक झाले. पेपरांचा फोल्डर मी माझ्याशिवाय सगळ्यांना बंद केला आणि आबांना त्यांच्या नावाचं खातं काढून दिलं. पडद्यावर आपलं नाव पाहून ते लहान पोरासारखे हरखले. "मन्हं सोतानं खातं!" असं शेजारपाजारी सांगून आले. त्या खात्याला काय काय बंद आहे ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आणि नव्या सिस्टीमवर खेळ चालेना. म्हणजे माझ्या खात्यातून चालायचा. आबांच्या खात्यातून उघडायचा, पट मांडायचा आणि तेवढ्यात काहीतरी लिहिता येत नाही असं कुरकुरून बंद पडायचा. मशीन बसवणारा माणूस मुंबई-आग्रा रोडवर दुकान घेऊन होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, सरळ मालकाच्या खात्यातून खेळू द्या ना. सगळे तसंच करतात. डोक्याला ताप नाही." म्हणजे दाराला नवं कुलूप लावायचं आणि चावी कुलपातच ठेवायची. आबा मात्र रोज दुपारी खुर्चीत येऊन बसत, खेळ बंद पडला की काही न बोलता उठत आणि पुन्हा तो लाकडी पट काढत. पट फिरवण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

शेवटी मीच चिकटून बसले. माझ्या खात्यातून एक डाव खेळले आणि मग मशीनमध्ये कुठली फाइल बदलली ते शोधत गेले. खेळाच्याच फोल्डरमध्ये एक फाइल बदललेली सापडली. जिंकल्या-हरल्याचा हिशेब तो खेळ स्वतःच्या घरात लिहीत होता, आणि ते घर सिस्टीमच्या बंद कपाटात होतं. आबांच्या खात्याला त्या कपाटात हात घालायची मुभा नव्हती, म्हणून खेळ रडत होता. दूधवाल्याला पातेलं लागतं, स्वयंपाकघर लागत नाही. मी आबांच्या खात्याला तेवढा एकच फोल्डर मोकळा केला, बाकी सगळं होतं तसं बंद ठेवलं. खेळ चालू झाला. मशीनवाल्याला मी मुद्दाम फोन करून सांगितलं. तो "हो का?" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

पण भित्र्या माणसाला कुलूप लावूनही झोप येत नाही. आबांवर माझा अविश्वास नव्हता. भरवसा नव्हता तो त्यांच्या पाहुणचारावर. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी, मग गाव कोणतं, घरी कोण कोण, धंदापाणी काय, हे सगळं विचारायचं आणि त्यानं विचारलं की आपलंही सगळं सांगायचं. झाकून बोलणारा माणूस आमच्या लोकांना कंजूष वाटतो. आबांना खेळात एक माणूस नेमानं भेटू लागला होता. कुठला होता देव जाणे. कधी एक देश सांगायचा, कधी दुसरा. आबा म्हणायचे, फिरतीची नोकरी असेल. घोडे फार सुंदर चालवतो म्हणून आबा त्याच्यावर खूश होते. त्यांच्या लेखी तो आता पाहुणा होता.

एकदा मी सहज विचारलं, "आबा, तो काय इचारस तुमले?"

"घरनं इचारस. मी सांगं, सून पेपर टाइप करस, आमना बठ्ठा शाळास्ना." केवढ्या अभिमानानं सांगत होते! माझ्या हातातलं ताट कलंडलं. रागही आला, पण सासऱ्यावर चिडायचं कसं? मी एवढंच म्हटलं की हे परक्याला सांगू नका. आबा म्हणाले, "त्याले काय करनं शे आपला पेपरस्नं?" तेही खरंच होतं. तिकडच्या माणसाला आमच्या सातवीच्या भूगोलाचं काय? पण परक्याच्या हातून तो जवळच्या हातात जाणार नाही कशावरून, हे माझ्या डोक्यातून जाईना. भीतीला हिशेब कळत नाही.

परीक्षा तोंडावर आली. सगळे पेपर तयार होऊन मशीनमध्ये होते, छपाईला जायचे होते. त्या दुपारी मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. खालून आबांनी हाक मारली. "बेटा, इकडे ये जरा. हाई काय म्हनस पाय."

मी तशीच तिखटाच्या हातांनी खाली आले. पटावर डाव अर्धा होता. वर एक चौकट आली होती आणि ती इंग्रजीत म्हणत होती की हे काम करायला मालकाची परवानगी हवी. आबा ती बंद करत होते आणि ती पुन्हा येत होती. मोडेमचा दिवा सारखा लुकलुकत होता.

"आबा, तुम्ही काय कयं?"

"काही नही. त्यानी धाडं काहीतरी. नवा डाव शिकाडस म्हने. मी उघाडं."

"अनोळखी मानूसनं कसाले लिधं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पाव्हनानं आनेल परत धाडस का कोनी?"

मी फोनची तार भिंतीतून ओढून काढली. तिच्याबरोबर खिळाही आला. दिवा लुकलुकायचा थांबला. बोलण्याच्या चौकटीत मी वर सरकत गेले. पाहुण्यानं आधी आबांच्या उंटाची तारीफ केली होती. मग विचारलं होतं, सूनबाई याच मशीनवर काम करतात का? आबांनी लिहिलं होतं, हो, याच. आणि त्यानंतर ती भेट आली होती.

तो खरंच चोर होता, की कुणाकडून आलेला रोग त्यानं नकळत पुढे धाडला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा मला फक्त सभा दिसत होती. सगळे मुख्याध्यापक बसलेले आणि मध्ये आबा उभे. छपाई दोन दिवसांवर होती आणि नवे पेपर काढायला कुणाकडे वेळ नव्हता. पेपर गेले असतील तर आता सांगावं लागेल. गेले नसतील तर ते कसं कळावं?

आबांनाही उमगलं असावं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पेपर गयात का?"

मी म्हटलं, बघू. पाहुण्यानं धाडलेला प्रोग्रॅम आबांनी उघडला होता, म्हणजे जेवढं आबांच्या खात्याला दिसतं तेवढंच त्याला दिसणार. मी आबांच्याच खात्यातून पेपरांच्या फोल्डरवर बोट दाबलं. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीच नव्हतं, नाहीतर मी ते त्यांच्यादेखत केलं नसतं. मशीन थोडं घुरघुरलं आणि पडद्यावर ओळ उमटली. तुम्हाला हे पाहण्याची परवानगी नाही.

मला रडूच फुटलं. वाचलो, आबा, वाचलो, असं मी म्हणत होते. डोळे पुसायला गेले तर तिखट डोळ्यांत गेलं आणि आणखीच पाणी आलं. पुन्हा बोट दाबलं, पुन्हा तीच ओळ. आबांच्या नावानं आलेल्याला आत वाट नव्हती.

मग माझं आबांकडे लक्ष गेलं. ते पडद्याकडे बघत होते. ओळ इंग्रजीत होती आणि आबांचं इंग्रजी फर्डं होतं. वर कोपऱ्यात त्यांचं नाव होतं आणि खाली ती ओळ.

"मालेबी बाहेरच ठेवं का तू?"

चोराच्या भीतीनं मी अर्धमेली झाले होते, पण या प्रश्नानं मला जी भीती वाटली ती त्याहून मोठी होती. ज्यांनी माझ्यासाठी भर सभेत शब्द दिला, त्यांना मी त्यांच्याच घरात उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. काय सांगू? तुमच्यावर नाही, तुमच्या पाहुण्यावर विश्वास नव्हता, असं? मी मान खाली घालून उभी राहिले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. आबा शिव्या देत नसत.

ते म्हणाले, "तुना नवरा दहावीले व्हता, तवय पेपरनं कपाट मन्हाकडे व्हतं. चावी मी तुनी सासूले दिधी नही. ती बोलनी, मी काय पेपर चोरसू का? मी म्हनं, नियम शे." ते थांबले. "तिले काय वाटनं व्हई, ते माले आज समजनं."

अजून काम संपलं नव्हतं. माझ्या खात्यातून आत शिरून सगळे पेपर जागेवर आहेत की नाहीत ते पाहायला हवं होतं. खुर्चीत बसले, मालकाचं खातं उघडायला घेतलं, पासवर्डची चौकट समोर आली आणि माझे हात कीबोर्डवर जाऊन थबकले. आबा शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर टाकवेना आणि त्यांना बाजूला व्हा म्हणवेना.

आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग ते आपणहून वळले आणि भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"टाक आते," ते म्हणाले.