सायकल काय म्हणून राहिली

आमचे साडूभाऊ एखाद्या यंत्राच्या शेजारून नुसते चालत गेले, तरी त्याचा एखादा स्क्रू आपणहून सैल होतो, असं माझं कित्येक वर्षांचं मत आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याच नंदनवन वस्तीत, घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. माहेरचं माणूस इतकं जवळ आहे याचा बायकोला आनंद आहे. दोनाच्या ऐवजी बारा गल्ल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला दर रविवारी सकाळी वाटतं. कारण रविवारी बरोबर साडेसातला फाटकाची कडी वाजते आणि साडूभाऊ आत येतात. खांद्यावर मिरचीच्या पोत्याची शिवलेली पिशवी, तिच्यात पाने, पकडी आणि एक हातोडी, जिचं सायकलीशी काय काम आहे हे मी अजून विचारलेलं नाही. चपला काढता काढता ते विचारतात, "काय म्हणून राहिली सायकल?" माझी तब्येत त्यांनी आजवर कधी विचारलेली नाही.

सायकल माझी आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पाहणाऱ्याला तसं वाटण्याचं काही कारण नाही. माझ्या मुलीनं पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मला ती पाठवली. जाड टायरची, गियरची, डोंगरात चालवायची. आमच्याकडे डोंगर नाही, पण खणून ठेवलेले रस्ते आहेत, त्यामुळे सायकल वाया गेली असं कोणी म्हणू शकणार नाही. सोबत तिचा फोन आला होता, "बाबा, तुम्ही मागून सीट धरून मला शिकवलं, पण आपण दोघांनी शेजारी-शेजारी कधी चालवलीच नाही." पुढच्या वेळी ती आली की मैत्रिणीची सायकल मागून आणायची आणि दोघांनी उमरेड रोडनं पाचगावपर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं. मी वरवर 'बघू' म्हणालो आणि आतून फार हरखलो. त्यानंतरच्या दोन वर्षांत मुलगी तीनदा आली, आणि तिन्ही वेळा सायकल उघडलेली होती.

साडूभाऊंची जन्मभराची नोकरी म्हणजे काटे दुरुस्त करणं. कळमन्याच्या बाजारात धान्याचे, फळांचे जे मोठे लोखंडी वजनकाटे असत, ते बिघडले की यांना बोलावणं जायचं. काट्याला कान लावून तो कुठे अडतो ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि ते बिघडले तर फेकून नवे आणू लागले. साडूभाऊ घरी बसले. म्हणजे स्वतःच्या घरी नाही, आमच्या घरी बसले.

काट्यांची सवय मात्र सुटली नाही. सायकल खोलण्याआधी ते तिचं वजन करतात. आमच्या व्हरांड्यात झोपाळ्याची कडी आहे. झोपाळा त्यांनी दोन वर्षांपूर्वी काढून ठेवला आणि तिथे हुकाचा ताणकाटा अडकवला. सायकल त्याला टांगायची, वजन खडूनं भिंतीवर लिहायचं, मग खोलायची. जोडून झाली की पुन्हा टांगायची. दोन्ही वजनं जुळली म्हणजे एकही नट बाहेर राहिला नाही. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, हे मलाही मान्य करावं लागतं. एकदा मात्र जोडल्यावर वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं. "कमी भरलं तर समजू शकतो गा, जास्त कसं भरन?" असं म्हणून त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून खोलली. माझ्या घरातल्या सगळ्या वाट्या अंगणात ओळीनं मांडल्या गेल्या; एकीत छर्रे, एकीत वॉशर, एकीत नुसतंच काळं काहीतरी. दुपारी दोन वाजता बायको बाहेर जायला निघाली आणि किल्ल्या शोधू लागली. किल्ल्यांचा जुडगा सायकलच्या हँडलला लटकत होता. दुसऱ्या एखाद्या माणसाला ओशाळल्यासारखं झालं असतं. साडूभाऊंनी जुडगा काट्याला अडकवून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर शंभर. काटा खोटा नाही."

त्यांची चूक काढता येत नाही, ही खरी अडचण. हवा किती भरायची ते टायरवर लिहिलेलं असतं, पण साडूभाऊ अंगठ्यानं दाबून ठरवतात, आणि पंपाचा काटा तसंच म्हणतो. गियर बदलताना खडखड होते म्हणावं, तर तारेचा ताण ते बोटानं छेडून सांगतात. मी एकदा मोबाईलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला, तर म्हणाले, "बंद करा हो ते. मी सायकलीचं आयकून राहिलो." फक्त तेलाच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. कुरकुर ऐकली की त्यांचा हात तेलाकडे जातो. एकदा ते ब्रेकच्या चकतीवर तेल सोडायला निघाले होते, तेव्हा मी दोन्ही हातांनी चकती झाकून उभा राहिलो. ब्रेकला तेल दिलं तर गाडी थांबणार कशी, हे समजावण्यात माझा अर्धा रविवार गेला.

एका रविवारी मी वैतागून विचारलं, "अहो, पण चांगली चाललेली सायकल दर आठवड्याला खोलायची कशाला?" त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "आता काही उघडतच नाही गा. मोबाईल उघडत नाही. नवा काटा उघडत नाही. पोराची गाडी उघडाले गेलो तर तो म्हणते, वॉरंटी जाईन. ही एक उघडते." मग पाना उचलून त्यांनी मागचं चाक काढलं. मी चहा सांगायला आत गेलो.

यंदा दसऱ्याला मुलगी चार दिवसांसाठी येणार होती. महिनाभर आधीच मी साडूभाऊंना बजावलं की या खेपेला सायकल शाबूत हवी. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. ती यायच्या आधीच्या रविवारी त्यांनी शेवटची सर्व्हिसिंग केली, काट्यावर वजन जुळवलं, आणि जाता जाता पिशवीतून एक बाटली काढून साखळीवर, गियरच्या दातांवर, जिथे जिथे काही फिरतं तिथे तिथे धार सोडली. "हे काय?" मी विचारलं. "जवसाचं तेल. भिवापूरहून आणलं, आपल्या घाण्याचं. आमचा बाप बंडीच्या चाकाले हेच देत होता. एकदम मक्खन चालन."

जवसाचं तेल चटणीवर घ्यावं. उघड्यावर राहिलं की ते वाळतं आणि चिकट होत होत शेवटी वार्निशासारखं बसतं. सुताराला हे माहीत असतं, मला माहीत नव्हतं, आणि बंडीच्या बैलांनी कधी तक्रार केली नसावी. ऑक्टोबरचं ऊन, त्यात आमच्या गल्लीची धूळ. गुरुवारी मी सायकल बाहेर काढली तेव्हा साखळीची कडी कडीला सोडत नव्हती. पायडल मागे फिरवलं तर अख्खी साखळी काठीसारखी उभी राहिली. शनिवारी मुलगी येणार होती.

संध्याकाळी साडूभाऊ सहज डोकावले. "कशी चालून राहिली?" असं हसून विचारलं आणि माझा दोन वर्षांचा बांध फुटला. मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. शेवटचं वाक्य आठवतं, कारण ते मी सावकाश, नीट ऐकू जाईल असं म्हणालो, "आजपासून या सायकलला तुम्ही हात लावायचा नाही." साडूभाऊंनी व्हरांड्यातला ताणकाटा कडीतून काढला, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला आणि चहा न घेता गेले. बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. "सायकल सुधरन हो," एवढंच ती म्हणाली.

शुक्रवारी मी सायकल दुकानात नेली. तिथल्या माणसानं रॉकेलनं सगळं धुऊन काढलं, नवी साखळी घातली, चकाचक करून दिली. रविवारी सकाळी सहाला आम्ही बापलेक निघालो. पहिल्याच वळणावर आवाज सुरू झाला. टक. पायडलच्या दर फेऱ्याला एकदा, टक. दिघोरीपर्यंत पोचता पोचता मला दुसरं काही ऐकूच येईना. मुलगी शेजारून काहीतरी सांगत होती, ऑफिसचं, घर बदलायचं, आणि मी खाली वाकून बघत होतो की काय तुटणार आहे. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पायडलच्या आसाचा मधला सगळा सेट बदलावा लागेल, माल यायला आठवडा लागेल. मुलगी मंगळवारी जाणार होती. आम्ही परत फिरलो.

घरी येऊन मी नुसता पायरीवर बसलो. मुलीनं मैत्रिणीची सायकल वळवली आणि विचारलं, "मावसाजींना दाखवलं का?" मी गुरुवारचं सांगितलं. ती तशीच दोन गल्ल्या पलीकडे गेली आणि दहा मिनिटांत त्यांना घेऊन आली. पिशवी नव्हती. रिकाम्या खांद्यानं साडूभाऊ कसे दिसतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फाटकापाशीच उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"चालव वं पोरी," ते म्हणाले. मुलीनं माझ्या सायकलवर गल्लीत एक चक्कर मारली. टक, टक, टक. साडूभाऊंनी डोळे मिटले होते. "आता उभी राहून चालव. बसू नको." ती पायडलवर उभी राहून निघाली. आवाज बंद. ती बसली, टक. उभी राहिली, काही नाही.

"पायडलचा नाही हा," साडूभाऊ म्हणाले. "शिटाचा दांडा सुका पडला. दुकानवाल्यानं धुतलं ना सगळं, त्याच्यात वंगण गेलं. बसणाऱ्याचा भार पडला का तो बोलते. दांडा काढा, पुसा, जरासं ग्रीस लावा, बसवा. दहा मिनिटाचं काम." आणि ते तसेच उभे राहिले.

मी आतून पाना आणला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही. "हात लावू नका म्हणाले होते तुमी," ते साधेपणानं म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं. घ्या." दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी पाना घेतला. दहा मिनिटांत दांडा पुसून, ग्रीस लावून बसवला, सीटची उंची पहिल्यासारखी केली आणि पाना मला परत दिला. तेवढंच केलं. चाक काढलं नाही, वाट्या मागितल्या नाहीत, वजन केलं नाही. "जा आता, ऊन चढून राहिलं," म्हणाले.

आम्ही पाचगावपर्यंत गेलो. मुलगी माझ्या उजव्या हाताला होती. सायकल काही म्हणत नव्हती, म्हणून मुलीचं ऐकू आलं. पुण्याचं घर सोडून ती आणखी लांब जायचं म्हणते आहे, हे तिनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. घरी उभ्या उभ्या सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. तिथे मी फक्त पायडल मारत राहिलो आणि म्हणालो, जा.

ती गेली. त्यानंतरच्या रविवारी साडेसातला फाटकाची कडी वाजली. साडूभाऊ रिकाम्या हातानं आले, पेपर वाचला, पोहे खाल्ले, सायकलीकडे एकदा लांबून पाहिलं आणि नऊला निघून गेले. पुढच्या रविवारीही तसंच. काय म्हणून राहिली, असं त्यांनी विचारलं नाही. माझं अंगण स्वच्छ होतं, वाट्या स्वयंपाकघरात होत्या, व्हरांड्यात झोपाळा परत लागला होता, आणि मला घरात काही केल्या करमेना. ज्या शांततेसाठी मी दोन वर्षं कुरकुरलो ती अशी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी पोहे संपता संपता मी म्हणालो, "भाऊ, पुढच्या चाकातून काहीतरी आवाज येतो. बारीक आहे. वळताना येतो." त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तो झोपाळा काढा हो कडीतून, मी पिशवी घेऊन येतो."

आवाज मी मनानंच रचला होता. चार वाजेपर्यंत त्यांनी तो शोधून काढला.