सोफ्याच्या पोटातली बिलं

सोफेवाले काका दिवसभर बोलत असतात, पण ते काय बोलतात हे कुणाला कळत नाही. कारण काम करताना त्यांच्या तोंडात मूठभर बारीक खिळे असतात. त्या धंद्यात त्यांना चुका म्हणतात. जिभेने एकेक चूक ओठांपर्यंत आणायची, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाने उचलायची आणि लाकडात ठोकायची. मग बोलायला उरतं काय, तर "हं". आखूड "हं" म्हणजे होईल. लांबलेला "हंऽऽ" म्हणजे पुढच्या आठवड्यात या. आणि नाकातून निघालेला "हँ" म्हणजे हा सोफा ज्याने तुम्हाला विकला त्याला आधी पकडा. काकू म्हणतात, लोक चुका पोटात घालतात, आमचे हे तोंडात घेऊन बसतात.

ही भाषा घराबाहेरच्या एकाच माणसाला शिकता आली. त्या म्हणजे हिशेबबाई.

काका त्यांच्याकडे गेले ते हौसेने नव्हे. त्याआधी काकांचा टॅक्स एक पांढऱ्या बुटांचे गृहस्थ भरायचे. गाळ्याच्या दारातच उभे राहून ते मान तिरकी करत आणि म्हणत, "कापड किती लागलं असेल? अंदाजे टाकून देऊ. फोम? अंदाजे. तुम्ही ठोका हो, मी आहे ना." सगळे त्यांना अंदाजेभाऊच म्हणत. एके दिवशी टॅक्स ऑफिसातून पत्र आलं: गेल्या वर्षी कापड, फोम आणि चामड्यावर एवढा खर्च दाखवलात, त्याची बिलं घेऊन या. नाहीतर तो खर्च धरला जाणार नाही. काका पत्र घेऊन अंदाजेभाऊंकडे धावले, तर भाऊंचा फोन बंद. कधी सुरू होईल, याचा कुणालाच अंदाज नव्हता.

त्याचा अर्थ काकांना काकूंनी समजावला. खर्च धरला नाही, तर आलेला पैसा तेवढा नफा. त्यावर टॅक्स, वर दंड. म्हणजे गाळा सोडायचा. आणि गाळा सुटला की पुन्हा जुन्या मालकांच्या शोरूममध्ये नोकरी. ज्या शोरूममधून काका उमेदीच्या वयात "माझं मी करतो" म्हणून बाहेर पडले, तिथेच पुन्हा हातोडी घेऊन हजर व्हायचं. मालक रस्त्यात भेटले की अजूनही म्हणायचे, "काय रे, दमलास की नाही अजून?" काका त्यावर "हं" म्हणायचे. तोंडात खिळे नसले तरी.

तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिशेबबाईंचं नाव सुचवलं. त्यांच्या दवाखान्यातला लांब सोफा काकांनीच केला होता.

हिशेबबाईंची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खालून इस्त्रीची वाफ यायची, त्यामुळे खिडकीची काच कायम ओली आणि बाईंच्या फायलींच्या कडा जरा वळलेल्या. जिन्यावर एकेक पायरी धरून मंडळी बसलेली: फोटो काढणारा, पियानो शिकवणारी, नळ दुरुस्त करणारे बापलेक. सगळे आपापल्या धंद्याचे राजे आणि सगळ्यांचे चेहरे शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखे. आतून मधूनमधून एकच आवाज यायचा: "बरं. पुढे."

बाईंची पद्धत होती तशी. कागद आधी दाखवायचा नाही. आधी वर्ष सांगायचं. जानेवारीपासून, महिन्यामागून महिना, काय काय काम केलं ते. माणूस सांगत सुटला की त्याला खर्च आपोआप आठवतात, असं त्यांचं म्हणणं. फोटोवाला लग्नांच्या गोष्टी सांगता सांगता पावसात बुडालेल्या कॅमेऱ्यापाशी आला की बाई त्याला थांबवत. "तो दुरुस्त केलात की नवा घेतलात? बरं. पुढे." चष्मा कपाळावर असेल तर सगळं ठीक. चष्मा हातात आला की जिन्यावरचेसुद्धा सावरून बसत.

काका आत गेले आणि त्यांची नजर आधी पडली ती बाईंच्या खुर्चीवर. साधी लाकडी, कडक, बसायचा भाग मधोमध झिजलेला. काकांना ते बघवेना. पत्र बाजूला राहिलं आणि ते म्हणाले, मॅडम, हिला एक गादी करून देतो, पैसे नको.

"ग्राहकाची गादी घेतली की आकडे मऊ पडतात," बाई म्हणाल्या. "जानेवारी. सांगा."

काकांना माणसांची नावं आठवत नाहीत, पण सोफा एकही विसरत नाहीत. त्यांनी वर्ष सोफ्यांत सांगितलं. जानेवारीत निवृत्त मुख्याध्यापिकांची आरामखुर्ची, डावा हात ढिला. मग न्हाव्याच्या दुकानातला बाक. मग दवाखाना. कशाला किती कापड, कुठल्या रंगाचं, फोम किती जाड, काथ्या कुठे घातला, सगळं तोंडपाठ. बाई लिहीत होत्या आणि चष्मा कपाळावरच होता.

"उत्तम. आता बिलं."

काका म्हणाले, "ती सोफ्यांत आहेत."

चष्मा हातात आला.

ज्या उस्तादाकडे काका शिकले, त्याचा एक नियम होता: सामानाचं माप सामानापाशीच ठेवायचं. सोफा पुरा झाला की त्याची मापं एका कागदावर लिहायची आणि खालचं अस्तर लावण्याआधी तो कागद आतल्या लाकडाला ठोकून टाकायचा. दहा वर्षांनी तोच सोफा परत आला, तर पुन्हा टेप लावायला नको. आणि काम चालू असताना हाताशी कोरा कागद कुठला? त्या सोफ्यासाठी आणलेल्या कापडाचं बिल असायचं. त्याची पाठ कोरी. काकांनी वर्षभराची बिलं, मागच्या बाजूने मापं लिहून, गावभरच्या लोकांच्या बुडाखाली ठोकून टाकली होती.

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. असं कधी झालेलं नव्हतं. काकांना वाटलं, आता या हसणार किंवा हाकलणार. बाईंनी विचारलं, "उलटा केला तर वरचं कापड फाटतं का?"

नाही, काका म्हणाले, खालचं अस्तर तेवढं उसवायचं, परत शिवता येतं.

"मग शिवण्याचं सामान बरोबर घ्या."

पण निघण्याआधी एक सोपा रस्ता चालून आला. कापडवाल्याकडे काका नक्कल मागायला गेले, तर त्याच्या तळघरात पाइप फुटून जुन्या बिलबुकांचा लगदा झालेला. पण माणूस दिलदार. नवं बिलबुक उघडून, पेन कानामागून काढून तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी काय पण. बोला, कितीचं लिहू? तारीख कुठली टाकू?" काका ती बातमी घेऊन आनंदाने जिना चढले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खरेदी खरी असली तरी आज लिहून त्यावर गेल्या वर्षाची तारीख टाकली, की कागद खोटा. तो त्या ठेवणार नाहीत आणि काकांनीही ठेवू नये. खरे कागद आहेत ना, मग ते काढू.

आणि जी बाई खुर्ची सोडून कधी उठली नव्हती, ती काकांच्या टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर फाईल घेऊन बसली. काकू मागे सोफ्याच्या दांड्यांमध्ये बसल्या. त्यांना हे बघायचंच होतं.

मुख्याध्यापिकांकडे खुर्ची उलटी करण्याआधी त्यांनी तिघांनाही चपला नीट ठेवायला लावल्या. हिशेबबाई गुडघ्यांवर बसल्या, टॉर्च तोंडात धरली आणि अस्तराच्या फटीतून डोकावल्या. काकांनी काहीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं, "हं." काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आता घरात दोन झाले, म्हणाल्या.

न्हाव्याकडे गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा फेस घेऊन उभं राहिलं आणि बाक उलटा झाला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वाट बघणाऱ्यांना सांगितलं की आज आधी सोफ्याचा दात काढायचाय. प्रत्येक ठिकाणी बाई कागद हळूच सोडवून घेत, चारी कोपऱ्यांतली खिळ्यांची भोकं बघत, मागची मापं एका कोऱ्या कागदावर स्वतः उतरवून काढत आणि तो कागद बिलाच्या जागी ठोकायला काकांच्या हातात देत. उस्तादाचा नियम मोडायचा नाही, असं त्या म्हणाल्या. काका वाकड्या सुईने अस्तर परत शिवत. पूर्वीपेक्षा बारीक टाक्याने. कारण आता कुणीतरी शेजारी बसून टाका बघत होतं.

शेवटचं बिल राहिलं, तेच सगळ्यांत मोठं. अस्सल चामड्याचं. ते होतं मालकांच्या केबिनमधल्या सोफ्यात. मालकांनी मुद्दाम ते काम काकांना दिलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला की हा बाहेर पडला तरी काम आमचंच करतो.

मालक त्याच सोफ्यावर रेलून बसले होते. सगळं ऐकलं आणि गोड हसले. मालकांच्या बोलण्यात "मी" नसतो, सगळं "आपण". "अरे, आपल्याला ही कागदांची कटकट हवीच कशाला? आपण एक कुटुंब. उद्यापासून ये. तू ठोकायचं, टॅक्स आपण बघू." मग चामड्यावर थाप मारून म्हणाले, "हो म्हण, आणि मग आपला सोफा खुशाल उघड."

काकांनी सवयीने दोन खिळे तोंडात टाकले होते. ते त्यांनी तळहातावर काढले.

"मालक, सोफा तुमचा आहे. मी तो उसवायची परवानगी मागायला आलोय. नोकरी नाही."

मालक उठले नाहीत. मंडळी बाहेर आली. टेम्पोत बसल्यावर काका म्हणाले, चुकलं का माझं? एक हो म्हटलं असतं तर बिल हातात होतं. बाईंनी मांडीवरची फाईल उघडली, यादीतली चामड्याची ओळ पट्टी ठेवून सरळ खोडली आणि म्हणाल्या, "हा खर्च आपण मागत नाही. चला."

टॅक्स ऑफिसातले साहेब बारीक आवाजाचे. प्रत्येक वाक्य "म्हणजे"ने सुरू. "म्हणजे, या बिलांना भोकं का आहेत?" बाईंनी कागद उलटे केले. प्रत्येक बिलामागे सोफ्याचं माप, कापडाची लांबी, घराची खूण. साहेबांनी एका बिलावरचं कापड आणि मागचं माप ताडून बघितलं, मग दुसऱ्याचं. जुळत होतं. मग त्यांचं बोट खोडलेल्या ओळीवर थांबलं. "म्हणजे, हा खर्च झालाच नाही?"

काकांच्या मनात आलं, ही एक ओळ खोटी ठरली, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?

"खर्च झाला," बाई म्हणाल्या. "बिलही आहे, पण आमच्या हातात नाही. म्हणून मागत नाही."

साहेबांनी मग पेनाचं टोपण काढलं आणि बाकीच्या ओळींवर एकेक खूण करत खाली गेले. कुठेच थांबले नाहीत.

चामड्यावरचा टॅक्स भरावा लागला. त्यापायी काकूंचं नवं शिलाई मशीन लांबणीवर पडलं आणि त्यांनी ते मालकांच्या नावाने बरेच दिवस ऐकवलं. पण गाळा राहिला.

वर्ष संपल्यावर काका पुन्हा जिना चढले, या वेळी सगळी बिलं फाईलमध्ये. वर्ष सांगून झालं. "बरं," बाई म्हणाल्या, आणि पुढे न म्हणता उठून उभ्या राहिल्या. ही खुर्ची करून द्या, म्हणाल्या. पूर्ण दराने, बिलासकट.

काकांनी ती आठवड्याभरात केली. गोणपाट, काथ्या, वर घट्ट विणीचं निळं कापड. खुर्ची खोलीत आली तेव्हा बाईंनी पैसे मोजून दिले, बिल घेतलं, फाईलला लावलं. जिन्यावरची मंडळी माना वर करून बघत होती. बाई बसायच्या आधी खाली वाकल्या, खुर्ची तिरपी केली आणि अस्तराच्या कोपऱ्यात बोट घालून आतला कागद चाचपला. दोन्ही बाजूंनी.

"पाठ कोरी आहे," काका म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या, आखूड, आणि बसल्या.