तीन खेळाडू आणि सात साहेब

राग निवळला की त्याचा किस्सा होतो, असा माझा समज होता. माझा राग काही निवळलेला नाही, तरी किस्से मात्र साठत चाललेत. संध्याकाळी कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत आम्ही निवृत्त मंडळी बसतो, तिथं रोज कुणीतरी म्हणतं, "सर, ते बर्फातलं सांगा की." मी सांगतो आणि ते हसतात. मी हसवायला सांगत नाही. की सांगतो? माझी मलाच खात्री नाही.

हिवाळी खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला आपल्या देशाचं एक छोटं पथक गेलं होतं, त्यात मी होतो. पद होतं 'उपकरण सल्लागार'. माझी पीएच.डी. बर्फावरच्या घर्षणावर आहे. बर्फ मात्र मी आयुष्यभर प्रयोगशाळेतच पाहिलेला. खरं सांगायचं तर इंग्रजी पत्रव्यवहार करायला कुणीतरी हवं होतं आणि वैशालीनं माझं नाव सुचवलं. वैशाली मुरगूडची. घरी ऊस आणि म्हशी. आमच्या कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती. तिचा खेळ म्हणजे पायांना लांब स्की बांधायच्या, हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून मैलोन्‌मैल पळत सुटायचं.

*

मुरगुडात बर्फ नाही, हे सांगायला माझी पीएच.डी. लागत नाही. वैशाली चाकांच्या स्की घालून निपाणी रस्त्यावर सराव करायची. मागून मोपेडवर पोवार मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले पीटीचे शिक्षक, मूळचे पैलवान. हा खेळ ते व्हिडिओ बघून बघून शिकले आणि त्यांनी तिला शिकवला.

एकदा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिच्या हातातल्या दोन काठ्या बघितल्या आणि ट्रॅक्टर हळू केला.

"ताई, पाय मोडलाय व्हय? चढ की मागं, सोडतो."

"न्हाय वो दादा. बर्फावर पळायची प्रॅक्टिस हाय."

त्यानं रस्ता वरखाली न्याहाळला. "आन् बर्फ कुठं हाय?"

"यायचाय अजून," वैशाली म्हणाली आणि पुढं गेली.

*

आता ज्यानं माझं रक्त अजून उकळतं ते सांगतो.

पथकात खेळाडू तीन आणि, मला सोडून, पदाधिकारी सात. पथकप्रमुखांना सगळे 'साहेब' म्हणायचे. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पण दिल्लीत मुरलेले. निघायच्या आधी कळलं की वैशालीच्या प्रशिक्षकाचा पास पोवार मास्तरांच्या नावानं निघालेलाच नाही. तो साहेबांच्या मेहुण्याच्या नावानं निघालाय. विमानतळावर या मेहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, त्या काठ्या दोन्ही हातांत धरायच्या असतात का हो?"

मी मास्तरांना फोन लावला. "मास्तर, तुम्ही भांडला कसे नाहीत?"

"भांडलो असतो की सर," मास्तर म्हणाले. "पण मग पोरीचं बी नाव कापलं असतं त्यांनी. तिला नुस्ती पळू द्या. शेवटपतूर पळू द्या."

एवढीच त्यांची मागणी होती. ती सोपी नव्हती. तिच्या शर्यतीत सगळे एकदम सुटतात. चार फेऱ्या. पहिल्या नंबरवालीनं मागून येऊन तुम्हाला एका फेरीनं गाठलं की तुम्हाला तिथंच बाहेर काढतात. चार वर्षांची मेहनत, आणि निकालात 'पूर्ण केली' असं लागणार नाही.

*

उद्घाटनाच्या संचलनासाठी साहेबांनी सातही पदाधिकाऱ्यांना फेटे बांधले. फेट्याला माझा विरोध नाही. माझ्या लग्नात मीही बांधला होता. पण हे सातजण पुढं आणि खेळाडू मागं, अशी रांग लागली. मी म्हणालो, "साहेब, मुलं मागं पडतायत." ते म्हणाले, "सर, शिष्टाचार असतो." शिष्टाचाराचं मला खरंच फारसं कळत नाही.

संचलन संपताच वैशालीच्या आईचा फोन.

"टीव्हीत नुस्तं फेटंच दिसत्यात गं. तू गेलीयास नव्हं तिथं?"

*

शर्यतीच्या आदल्या दिवशी साहेबांना सरावाच्या ट्रॅकवर नारळ फोडायचा होता. नारळ खास दिल्लीहून आणलेला. नारळाला कुणाची ना असणार? कोल्हापुरात नवी सायकल घेतली तरी नारळ फुटतो.

पण नारळ फोडायला दगड लागतो. तिथं नजर जाईल तिथवर नुसता भुसभुशीत बर्फ. मेहुण्यानं नारळ आपटला, तो बर्फात रुतून बसला. पुन्हा आपटला, आणखी खोल रुतला. दुसऱ्या संघांचे लोक थांबून बघायला लागले.

मी वैशालीच्या स्कीला नीट घसरण्यासाठी लावायचं मेण आणायला आत गेलो होतो. थंडी वाढली तर हे मेण चालेल की दुसरं, या विचारात बाहेर आलो, तर मेहुण्यानं तिची शर्यतीची स्की बर्फावर आडवी ठेवली होती आणि दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलला होता. मी ओरडलो. माझा आवाज कधीच वेळेवर निघत नाही.

स्की फुटली. नारळ फुटला नाही.

साहेबांनी फुटलेल्या स्कीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "चांगलं झालं. संकट स्कीवर गेलं."

श्रीमंत देशांच्या खेळाडूंकडं स्कीचे ढीग असतात. वैशालीकडं शर्यतीची ती एकच जोडी होती. ती दोन्ही तुकडे उचलून आत गेली आणि मेण लावायच्या टेबलावर जुळवून ठेवले, जणू जुळतील.

*

शेजारच्या खोलीत एका चिमुकल्या बेटाचं पथक होतं. त्यांची खेळाडू वैशालीच्याच उंचीची, आणि तिची शर्यत होऊन गेलेली. वैशाली फुटकी स्की घेऊन तिच्या दारात उभी राहिली. त्या मुलीनं एक शब्द न विचारता आपली जोडी काढून दिली.

साहेबांना हे कळलं आणि त्यांनी बैठक बोलावली.

"परक्या देशाच्या स्की? आणि वर जगासमोर ट्रॅकवरून बाहेर काढतील. देशाची इज्जत आहे का नाही? त्यापेक्षा पोटदुखीनं माघार घेतली असं कळवू. सर, पत्र लिहा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वाटलं, साहेबांना अनुभव आहे, आपण कोण? कदाचित तिची बेअब्रू खरंच टळेल. मग वैशालीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, खिडकीतून ट्रॅककडं बघत होती.

"साहेब," मी म्हणालो, "मला पोटदुखीचं इंग्रजी येत नाही."

*

दुसऱ्या दिवशी वैशाली धावली.

पदाधिकारी सुरुवातीचा फोटो काढून कॅन्टीनला गेले. तिसऱ्या फेरीपर्यंत तिला बाहेर काढतील, असा त्यांचा हिशेब होता. कठड्याशी मी एकटा. माझं मेण चुकलं असेल, अशी भीती वाटत होती. तिसऱ्या फेरीच्या अखेरीला ती वळणावर दिसली, आणि तिच्या पाठोपाठ, अगदी पाठोपाठ, शर्यत जिंकायला निघालेली पहिली बाई. निशाण घेतलेला पंच एक पाऊल पुढं आला. वैशालीनं खाली मान घालून काठ्या मारल्या आणि त्या बाईनं गाठायच्या आत रेषा ओलांडून चौथ्या फेरीला निघून गेली. पंच पुन्हा मागं सरकला.

जिंकणारी जिंकली, बाकीच्याही आल्या. ट्रॅकवर वैशाली एकटीच उरली. पण लोक गेले नाहीत. ती स्टेडियममध्ये शिरली तेव्हा सगळे उभे होते, आणि जिंकलेली बाई रेषेशी तिची वाट बघत थांबली होती. तिनं वैशालीला मिठी मारली. कॅमेरे धावले.

कॅन्टीनच्या टीव्हीवर हे दिसलं असणार. साहेब शाल घेऊन धावत आले, मागून फेटा सावरत मेहुणा. दोघंही कॅमेऱ्यासमोर तिच्या दोन बाजूंना उभे राहिले. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि परदेशी वार्ताहराला सांगितलं, "वुई ट्रेन्ड हर."

वैशालीच्या भुवयांवर बर्फ साचला होता, धाप अजून थांबली नव्हती. तिनं तो हात खांद्यावरून काढला. साहेबांना बुटांपासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. आणि चालू कॅमेऱ्यासमोर, आपल्या मुरगूडच्या आवाजात, विचारलं,

"पावणं, कुणाकडचं म्हणायचं तुमी?"