खंडेनवमीचे कीबोर्ड

आम्ही गाव सोडलं तेव्हा मायने दाराला कुलूप लावलं नाही. लावणार तरी कशाला, घर चुलत्यांचं झालं होतं. वडील गेल्यावर भाऊकीने आम्हा दोघींना आधी माजघरातून पडवीत सरकवलं, आणि पडवीपासून रस्ता काही फार लांब नसतो. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं आणि मी, एवढं घेऊन माय उदगीरच्या स्टेशनावर आली. हैदराबादेत सुलतान बाजारात तिचा लांबचा मावसभाऊ हमाली करत होता, त्याच्या भरवशावर. गाडीत तिने मला एकच गोष्ट परत परत सांगितली, "कौशे, शहरात पायातली चप्पल काढायची न्हाई. काढली की गेली." मला नवी चप्पल नुकतीच मिळालेली, त्यामुळे हे सांगणं मला फार पटलं.

गावाकडच्या मैत्रिणींनो, मागच्या लग्नसराईत भेटलात तेव्हा तुम्ही मला 'हायटेक सिटीवाली कौशी' म्हणालात आणि विचारलंत की कॉम्प्युटर शिकलीस तरी कुठं. मी हसून विषय बदलला. आज सांगते. निम्मं तुमच्यासाठी आणि निम्मं एकीसाठी, जी माझ्यासारखीच तिकडून इकडे आली होती. तिला मराठीच वाचता यायचं, म्हणून मराठीत लिहिते. माझ्या लेकीला हे धड वाचता येणार नाही. ती दोन ओळींत दमते आणि म्हणते, "मम्मी, नक्को, तूच पढके सुना."

तर, मावसभाऊ सापडला नाही. तो कधीच दुसऱ्या गावी निघून गेला होता आणि कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुलतान बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर आम्ही टेकलो, ते टेकलोच. दुकान बंद झालं की ओटा आमचा, शटर उघडायच्या आत झाडून मोकळा करून द्यायचा. आमचं घर रोज सकाळी गुंडाळून काखेत यायचं. माय हिमायतनगरला चार घरची भांडी घासायची. आल्यावर हातांना कोकमतेल चोळत म्हणायची, "औंदाचा पावसाळा निघाला की खोली बघू." पावसाळा निघाला, आणि माय तापाने सरकारी दवाखान्यात गेली ती परत आली नाही. ओटा मात्र राहिला. दुकानदार भला होता, त्याने मला उठवलं नाही. भला होता असं मी अजून म्हणते, यावरून तुम्हीच ओळखा की त्या दिवसांत भलेपणाचं माप केवढं लहान होतं.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शेवंता झोपायची. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी, आमच्याच भागातली, औश्याकडची. तिला कोणी नातेवाइकाने एका मोठ्या घरी कामाला आणून ठेवलं होतं. तिथे तिच्या हातून काचेचं भांडं फुटलं. मालकीणबाई पट्टा आणायला आत गेल्या आणि शेवंता बाहेर पडली. गावाकडेही म्हणे तिचं असंच होतं. दुधाचं पातेलं लवंडलं तर आधी मार आणि मग विचारपूस. "मोडलं की पळायचं," ती मला हसत सांगायची, "थांबून बगायचंच न्हाई." माय गेल्यावर मला जेवायला बसवणारी तीच, आणि माझ्या केसांतल्या उवा काढताना मला शिव्या घालणारीही तीच.

तेव्हा शहराला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. आबिड्सला इंटरनेटची दुकानं निघाली, उड्डाणपुलांसाठी रस्ते खणले गेले, जो तो अमेरिकेला निघालेला. आणि आमच्यासारखी मुलं त्याच खणलेल्या रस्त्यांच्या कडेला. आम्हाला त्या वेडातलं काही मिळावं ही लीलाताईंची कल्पना. लीलाताई म्हणजे सुलतान बाजारातल्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथपाल. अंगाने काडी, पण समितीत बोलायला उभ्या राहिल्या की अध्यक्ष पाणी मागवायचे. त्यांनी वाचनालयाची मागची खोली मागितली. हिमायतनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासने जुनी यंत्रं आणि श्रीनिवास सर दिले. समोरच्या हॉटेलातले गफूर चाचा रोज चहा आणि बन पाठवू लागले. वाचनालयातल्या काही मंडळींनी कुरकुर केली की ही फुटपाथची पोरं पुस्तकं पळवतील. लीलाताई म्हणाल्या, "पळवू देत की. तुमच्या घरून तरी गेल्या काही वर्षांत कुणी पुस्तक न्यायला आलंय का?" खोली मिळाली.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं ते चपलांवर. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा सगळीकडे दंडक होता. धूळ लागते म्हणायचे. सर दारात उभे राहून म्हणाले, "चप्पलां बाहर." आणि आमच्यातलं कुणी हलेना. ज्यांना चपला नव्हत्या ते आत गेले, ज्यांना होत्या ते आम्ही बाहेर. सरांना वाटलं आम्हाला समजलं नाही, म्हणून त्यांनी ते तेलुगूत सांगितलं. मला मायचं बोलणं आठवत होतं. शेवटी शेवंताने आपल्या निळ्या पट्ट्याच्या चपला काढल्या, उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि सरांना म्हणाली, "गेल्या तर तुम्ही देनार." सर म्हणाले, "हौ, मैं देता." त्या दिवशी चपला गेल्या नाहीत, नंतरही कधी नाही. गावातून निघाल्यापासून पहिल्यांदाच मी कुठेतरी अनवाणी, निवांत बसले होते.

शेवंता टायपिंगला लागली आणि आम्ही सगळे मागे पडलो. चौथी शिकलेली मुलगी, इंग्रजी अक्षरं तिने तिथेच ओळखली, पण बोटं अशी चालायची की सर दुसऱ्या क्लासच्या मुलांना बघायला घेऊन यायचे. नारायणगुड्याला नोकरदार मुलींचं एक वसतिगृह होतं. लीलाताईंनी आणि सरांनी मिळून तिथे एक कॉट मिळवली, आणि सरांच्या ओळखीच्या ऑफिसात डेटा एंट्रीचं कामही. कॉट एकच होती आणि ती शेवंताची, हे ठरलेलं. दसरा झाला की ती जाणार होती. ती मला म्हणायची, "आधी मी जाते, मग तुला खाली चटईवर घेते. वार्डनला काय कळतंय." रोज झोपताना आम्ही त्या कॉटवर कोणती चादर घालायची यावर भांडायचो.

खंडेनवमी आली. गावाकडे त्या दिवशी आपण काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको. नांगर, विळे, खुरपी, वजनं, शिंप्याची मशीन, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं स्वच्छ धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. इकडेही आयुधपूजा असतेच. सर आदल्या दिवशी म्हणाले होते की सकाळी छोटी पूजा करू. खोलीची किल्ली शेवंताकडे असायची, झाडलोट तीच करायची. सकाळी मला म्हणाली, "तू झेंडू आन जा, तवर मी हत्यारं धुते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही त्याच मातीतली.

फुलं घेऊन परतले तेव्हा मागच्या नळाजवळच्या भिंतीला सगळे कीबोर्ड ओळीने उभे केलेले, खालून पाणी गळतंय. साबणाने, काथ्याने घासून, नंतर स्वतःच्या ओढणीने पुसून तिने ते लख्ख केले होते. खोलीत प्रत्येक पडद्याच्या कपाळाला हळदकुंकू. दारात रांगोळी. आणि एक कॉम्प्युटर चालू होता आणि एकसारखा ओरडत होता, टूं टूं टूं, थांबायचं नाव नाही. धुतलेला कीबोर्ड जोडून तिने चालू करून पाहिला असणार. यंत्राला कीबोर्ड सापडला नाही की ते तसं ओरडतं, एवढंच. आज हे माझ्या ऑफिसातलं शेंबडं पोरही सांगेल. शेवंताला ते कसं ठाऊक असणार? तिने मोडल्याचा आवाज ऐकला आणि ती थांबली नाही. तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला उंबऱ्याशी होत्या, नेहमीसारख्या नीट जोडून.

मी तिला हाका मारत रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले, तोवर लीलाताई आणि सर पोहोचले होते. सर दारातच उभे. भिंतीकडे बघतायत, पडद्यांवरच्या कुंकवाकडे बघतायत. मला वाटलं, संपलं. क्लास संपला, कॉट संपली. आणि सर हसायला लागले. इतके हसले की पायरीवर बसले. "हमारी अम्मा भी ऐसाच करती थी," ते डोळे पुसत म्हणाले, "आयुधपूजा को पंप का मोटर धो डालती थी. नाना चिल्लाते थे." नाना म्हणजे तेलुगूत वडील. मग उठून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि आम्ही सगळ्यांनी कीबोर्ड गच्चीवर नेऊन उन्हात पालथे घातले. लीलाताईंनी विचारलं, "शेवंता कुठंय? तिला म्हणावं ये, पूजा तुझ्याच हातची."

ती आली नाही. गफूर चाचांनी हॉटेलातली पोरं नामपल्ली-काचिगुड्याच्या स्टेशनांवर, बसस्टँडवर धाडली. "बच्ची को बोलो कोई गुस्सा नहीं, बस इतना बोलो," असं त्यांनी प्रत्येकाला बजावलं. लीलाताई तिच्या जुन्या मालकिणीच्या दारी जाऊन आल्या. मी ओट्यावर तिची वळकटी उघडून ठेवायची, म्हणजे लांबून आली तरी दिसावी. दसरा गेला, दिवाळी गेली. वसतिगृहाची कॉट रिकामी ठेवता येईना. एक दिवस लीलाताई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कौसल्या, तू जा." मी गेले. आम्ही भांडून ठरवलेली फुलाफुलांची चादर मी घातली आणि पहिल्या रात्री खाली चटईवर झोपले.

त्या कॉटवरून मी नोकरीला गेले, नोकरीवरून दुसऱ्या नोकरीला, पुढे लग्न, मियापूरला फ्लॅट. आता दाराला कुलपं इतकी की किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये मावत नाही. नवरा तेलुगू, सासूबाई प्रेमळ, घरात तीन भाषांत स्वयंपाक होतो. माझं सुख खोटं नाही. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावाचं होतं, हे मला रोज कुठेतरी लागतं. माधापूरच्या ऑफिसात कुणाचा कीबोर्ड बिघडला की नवा येतो, जुना टोपलीत जातो, कुणी मागे वळूनही बघत नाही. एवढी स्वस्त झाली ती वस्तू, जिच्यापायी माझी शेवंता गेली.

माझ्या लेकीच्या हातून मागे माझा लॅपटॉप पडला. पडदा तडकला. ती तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, टूट गया." तिला पळावंसं वाटलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि मला रडू आवरेना, आणि तिला वाटलं मी लॅपटॉपसाठी रडते. घर म्हणजे काय असं तुम्ही मला विचारलंत तर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. मोडलेलं घेऊन जिथे समोर उभं राहता येतं, ते. गावच्या घरात ते शेवंताला मिळालं नाही, शहराच्या मोठ्या घरातही नाही. वाचनालयाच्या त्या मागच्या खोलीत मिळालं होतं, पण तिला ते सांगायच्या आत ती निघून गेली.

लीलाताई होत्या तोवर दर खंडेनवमीला शेवंताच्या जपून ठेवलेल्या चपलांनाही दोन झेंडू वाहायच्या. आता ते मी करते. शेवंते, तू कुठे असशील, हे कुणी तुला वाचून दाखवेल की नाही, मला माहीत नाही. पण तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे, ती सांगायची राहून गेली आहे. ऊन चांगलं होतं त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत सगळे कीबोर्ड वाळले गं, आणि सगळे चालले.