धोंडीची बेडकं

वसमतच्या माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात ती म्हातारी एकदाच आली. कडेवर घागर, घागरीच्या तोंडावर ओलं पोतं.

"दादा, ह्यांच्यासाठी काचेची पेटी दाखवा."

आत पाच बेडकं होती. मी नेहमीच्या क्रमानं सांगितलं: पेटी उंच नको, पसरट हवी, अर्ध्यात ओली माती, अर्ध्यात पाणी, वर जाळीचं झाकण. ती "व्हय, व्हय" करत पोत्यावर पाणी शिंपडत राहिली.

"काहून पाळता, मावशी?"

"पाऊस लांबला की आमच्याकडं लेकरं धोंडी काढतेत, दारोदार पाऊस मागत फिरतेत. मुसळाला बेडूक बांधल्याबिगर धोंडी न्हाई. आता गावात बेडूकच राहिलं न्हाई. ही आटलेल्या हिरीतली शेवटची. ह्यांची पिल्लं व्हायला पाहिजेत."

पिल्लं काचेत होणार नाहीत, पाऊस पडून पाणी साचलं तरच होतील, हेही मी सांगितलं.

तिचा हात पोत्यावरच थांबला.

"पावसाबिगर पिल्लं न्हाईत, अन् बेडकाबिगर धोंडी न्हाई. मग पाऊस मागावा तरी कसा?"

तिनं पेटी घेतली नाही. पोतं पुन्हा भिजवलं, घागर उचलली आणि उन्हात स्टँडकडे निघाली. बेडकं आता कुठं सोडणार, हे मी विचारलं नाही. सोडण्याजोगं पाणी तिच्या गावात उरलंच नव्हतं.